पाठीस लागावें कशाच्या?

ख्रिस्ती संत पॉल ह्यानें इ. स. ५७ च्या सुमारास रोम येथील आपल्या धर्मबंधूंस एक पत्र धाडलें. कोणीं काय खावें व काय वर्ज्य करावें, यावरून त्या मंडळींत तंटा होता, असें त्याच पत्राच्या १४ व्या अध्यायावरून दिसतें. म्हणजे वाद पंक्तीचाच होता!

अशा लोकांस १२ व्या अध्यायांत तो प्रथम सांगतो कीं, प्रीति निष्कपट असावी. मूळ ग्रीक शब्दाचा रोख नटाच्या सोंगावर आहे. आतिथ्याकरितां योजिलेल्या सामासिक शब्दाचा अर्थ तर 'परक्यावरील प्रेम' असा होतो. ह्या आतिथ्याच्या पाठीस लागा, असें तो म्हणतो. आणि लागलीच, जे छळ करण्यासाठीं तुमच्या पाठीस लागले आहेत त्यांचें शुभ चिंता, हें सांगतांना तोच धातु पुन्हां योजितो. वैरी ज्या नेटानें आपला पिच्छा पुरवितो, त्याच नेटानें आपण अतिथीस शोधावें, हें त्यांतील मर्म आम्हांस वाटतें. अखेरीस भुकेल्या वैऱ्यासहि जेवूं घालण्यास तो सांगतो.

वाइटास चांगल्यानें जिंकावें, ही शिकवण महाभारतांत व धम्मपदांतहि आहे. तेव्हां ती आपणांस परकी नव्हे. परंतु व्याह्यास आग्रह करणें सोपें. ज्याच्याशीं भाऊबंदकी चालू आहे, त्याचें पान मांडणें कठिण. वाचकहो, येत्या सणास आपल्या पंक्तींत कोणाचें पान मांडावयाचें राहिलें आहे, एवढें घरांतील वडील मंडळींनीं अवश्य पाहावें.