डबीत उरलेल्या अकरा गोळ्या

"मॅडम, गोयी घेतली का रातभर भलतेच सपनं पडतेत. सकाळी उभं राहिलं का डोक्सं गरगरते."

संग्रामपूर तालुक्यातल्या एका शेतमजूर बाईचं हे गाऱ्हाणं मी कित्येक महिने ऐकलं. तेव्हा मी एचआयव्हीची औषधं देणाऱ्या एका एआरटी केंद्रावर समुपदेशक होते. एकदा तिची डबी टेबलावर ओतून मोजली, तर अकरा गोळ्या उरलेल्या. कापूस वेचणीच्या दिवसांत ती दिवसाआड गोळी घेत होती. चक्कर येऊन धुऱ्यावर पडले, म्हणाली. मला ती सबब वाटली. मी रागावले आणि वहीत लिहिलं, 'औषध नियमित घेत नाही.'

त्या गोळीत एचआयव्हीवरचं इफाव्हिरेन्झ होतं, 600 मिलिग्रॅम. यकृतातलं सीवायपी2बी6 नावाचं विकर त्याचा निचरा करतं. काहींच्या जनुकातच असा फरक असतो की हे विकर मंद चालतं आणि तेवढ्याच मात्रेत औषध रक्तात कितीतरी जास्त साठतं. असे लोक भारतात दुर्मिळ नाहीत. तिची जनुकं कुणी तपासली नाहीत, पण लक्षणं औषध जास्त साठल्यासारखीच होती. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय चाचणीत 400 मिलिग्रॅमनंही विषाणू तितकाच दबल्याचं दिसलं. मनानं गोळ्या चुकवणं घातकच, विषाणू पुढे औषधाला जुमानत नाही. पण तिची तक्रार डॉक्टरांपुढे ठेवणं माझं काम होतं, आणि ते मी केलं नाही.

2020 पासून सरकारी केंद्रांवर इफाव्हिरेन्झच्या जागी डोल्युटेग्रॅव्हिर येऊ लागलं. जोडीचं औषध टेनोफोव्हिर मात्र राहिलं, आणि ते काहींच्या किडनीला सोसत नाही. संग्रामपूर तालुक्यातलं आमचं गाव वरवट बकाल खारपाणपट्ट्यातलं, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या पट्ट्यातलं. किडनीनं गेलेला माणूस इथे प्रत्येक गावाला ठाऊक आहे. इथल्या रुग्णाचं किडनीचं काम सांगणारं क्रिएटिनिन ठरल्या वेळी तपासलंच पाहिजे, रिपोर्ट येईपर्यंत पाठपुरावा झाला पाहिजे. प्रत्येकाची जनुकीय चाचणी तालुक्याला आज होणार नाही, हे मला कळतं. पण गोळ्या उरल्या तर का उरल्या, हे रुग्णाच्याच शब्दांत कार्डावर लिहून घ्यायला काय लागतं? 'अनियमित' हा शिक्का त्यानंतरचा.

ती बाई मध्यंतरी बसस्टँडवर भेटली. आजूबाजूला बघून हळूच म्हणाली, "नव्या गोयीनं झोप लागते जी आता."