तुकडी घसरलेली मुले
जेईई आणि नीट या प्रवेश परीक्षांच्या तयारीसाठी राजस्थानातील कोट्यात येणारी मुले बहुधा पंधरा ते अठरा वर्षांची असतात. अनेकांचे नाव एखाद्या ‘डमी’ शाळेत असते, म्हणजे शाळा केवळ कागदावर. खेळाचा तास, स्नेहसंमेलन, मधल्या सुट्टीतली भांडणे सारे वजा. उरते ती वारंवार होणारी चाचणी. तिच्या गुणांवरून मुलाची तुकडी ठरते, आणि कोण खाली घसरला हे वसतिगृहात त्याच दिवशी सर्वांना कळते. शिकवणीसाठी वडिलांनी कर्ज काढले असेल, तर घरी फोनवर ते सांगणे अधिकच अवघड. झोप उडते, भूक मंदावते, वाचलेले डोक्यात राहत नाही. परिणामी गुण आणखी घसरतात. हा आळस समजून अभ्यासाचे तास वाढवणे हा सर्रास केला जाणारा उपाय, आणि नेमका तोच घातक. सोळा वर्षांखालील मुलांना शिकवणी वर्गात प्रवेश देऊ नये, चाचण्यांचे निकाल जाहीर लावू नयेत, अशा मार्गदर्शक सूचना केंद्राने जानेवारी २०२४ मध्ये काढल्या. सूचना म्हणजे कायदा नव्हे, हे वर्गचालक जाणतात. मन खचलेल्या मुलाला आणि त्याच्या पालकांनाही ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आणि मराठीतूनही बोलता येते.