फांदीला सहा महिने, डोंगराला पंधरा दिवस



वखराच्या दांडीसाठी राखीव जंगलातल्या झाडाची फांदी छाटली, तर १९२७ च्या वन कायद्याच्या मूळ कलम २६ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आणि केंद्राची परवानगी न घेता शेकडो हेक्टर जंगल खाणीखाली घातलं तर? तिथं १९८० चा वन संवर्धन कायदा लागतो. त्याच्या कलम ३अ मध्ये शिक्षा आहे जास्तीत जास्त १५ दिवसांची साधी कैद. ही छपाईची चूक नाही.

१९८६ च्या पर्यावरण कायद्यात तरी पाच वर्षांपर्यंत कैद होती आणि कंपनीचा कारभार पाहणाऱ्यालाही त्यात धरता येत होतं. २०२३ च्या जनविश्वास कायद्यानं ती कैद काढली. आता १० हजार ते १५ लाख रुपये दंड. त्याच कायद्यानं राखीव जंगलात गुरं शिरल्याबद्दलची कैदही काढली. ते चांगलंच झालं. पण गुराख्याची चूक आणि खाणवाल्याचा हिशेब एका तराजूत कसा? १५ लाख म्हणजे त्याच्या लेखी डिझेलचा खर्च.

कंपनीला अंग नाही, मग तुरुंगात घालणार कोणाला, असं वकील विचारत. सर्वोच्च न्यायालयानं २००५ मध्ये स्टँडर्ड चार्टर्ड बँकेच्या प्रकरणात उत्तर दिलं: कैद शक्य नसली तरी खटला चालेल, दंड होईल. ब्राझील १९९८ मध्येच पुढं गेला. तिथं कंपनी स्वतः आरोपी होते, तिचं काम बंद पाडता येतं, सरकारी ठेके आणि अनुदान दहा वर्षांपर्यंत तोडता येतं; वर संचालकही सुटत नाही. तरी अॅमेझॉनची तोड थांबली नाही. कायदा असणं वेगळं, खटला भरणं वेगळं.

कायद्यांचं जंजाळ वाढवा म्हणणारे आम्ही नव्हे. त्यात पहिला अडकतो तो आपणच. पण माथ्यावरचं जंगल गेलं की पहिल्याच मोठ्या पावसात माती नाल्यात येते आणि नाला आपल्या पऱ्हाटीत. रोही आणि रानडुकरं ज्वारीत उतरतात. हे कळायला शेतकी कॉलेजात जावं लागत नाही.

संचालकाला व्यक्तिशः आरोपी करा आणि दंड उलाढालीच्या टक्क्यात मोजा, असा ठराव जिल्हा बैठकीत येतो आहे. ज्यांच्या शिवाराला खाण लागून आहे त्यांनी वनमंजुरीच्या पत्राची नक्कल घेऊन यावं. अटी त्यात क्रमवार लिहिलेल्या असतात. कोणती मोडली ते तिथंच बसून तपासू.