उशिराचें देणें

गेल्या वैशाखांत आमचे थोरले बंधू व वहिनी जर्मनींतील चिरंजीवांकडे दोन महिने राहून परतले. फ्रँकफुर्टहून मुंबईस यावयाचें त्यांचें विमान यंत्रांतील बिघाडामुळें पांच तास उशिरानें पोंचलें. तिष्ठत बसलेल्या उतारूंस फराळाची एकेक चिठी मिळाली, आणि पंधरा दिवसांनीं कंपनीचें दिलगिरीचें पत्र आलें. सोबत पुढील तिकिटांत वळती होणारी सवलत. "सभ्य माणसें आहेत," असें म्हणून बंधूंनीं तें पत्र पंचांगांत घालून ठेवलें.

आमच्या सूनबाईंनीं तें बाहेर काढलें. "मोठे मामंजी, सवलत कसली? आपले रोख पैसे त्यांच्याकडून येणें आहेत," असें त्या म्हणतांच घरांत वाद माजला. बंधूंचें म्हणणें, उशीर झाला म्हणून हात पसरणें आपल्या घराण्यास शोभत नाहीं. वहिनी एवढेंच बोलल्या, "माझे पाय सुजले होते, तें त्या पत्रांत कोठें आहे?"

वाचकहो, आपल्यापैकीं बहुतेकजण बंधूंच्याच पंगतीस बसतील. आम्हीही बसलों होतों. पण कायदा वाचला आणि उठलों. युरोपीय संघाचा 2004 सालचा 261 क्रमांकाचा कायदा फेब्रुवारी 2005 पासून अमलांत आहे. विमान रद्द झाल्यास द्यावयाची भरपाई त्यांत स्पष्ट होती. तीच मुक्कामीं तीन तास वा अधिक उशीर झाल्यासही द्यावी, असें लक्झेंबर्ग येथील न्यायालयानें 2009 सालीं ठरविलें. जवळच्या पल्ल्यास 250 युरो, मधल्यास 400, आणि मुंबईसारख्या साडेतीन हजार किलोमीटरांहून दूरच्या ठिकाणास 600. उशीर चार तासांच्या आंत असेल तर ही शेवटची रक्कम निम्मी करतां येते. तिकीट स्वस्त होतें कीं महाग, याचा संबंध नाहीं. आणि रक्कम दर माणशीं. म्हणजे उभयतांचे 1200 युरो पंचांगांत पडून होते!

वादळासारख्या हाताबाहेरच्या कारणानें कंपनी सुटते. परंतु यंत्राचा नेहमीचा बिघाड हें तसें कारण नव्हे, असें त्याच न्यायालयानें 2008 सालीं सांगितलें आहे. रोख रकमेऐवजीं सवलत द्यावयाची तर उतारूची सही लागते. तेव्हां पुढें आलेल्या कागदावर घाईनें सही करूं नये. शिवाय उशीर मोजतात तो चाकें टेकण्यावरून नव्हे, दार उघडण्यावरून. घड्याळ पाहून तो क्षण टिपून ठेवावा.

युरोपीय संघाच्या देशांतून निघणारें विमान कोणत्याही कंपनीचें असो, त्यास हा कायदा लागू आहे. मुंबईहून तिकडे जातांना मात्र कंपनी तिकडची असेल तरच. आपल्या देशांतील नियमांत नुसत्या उशिराबद्दल रोख भरपाई नाहीं. खाणेंपिणें मिळतें, आणि विलंब सहा तासांहून अधिक असेल तर दुसरें विमान किंवा तिकिटाचा परतावा. आमच्या मतें हें फारच तोकडें आहे. वृद्ध माणसाचे पाय मुंबईच्या विमानतळावर कांहीं कमी सुजत नाहींत.

सूनबाईंनीं अर्ज केला. 'अनपेक्षित कारण' असें एका ओळीचें उत्तर आलें. तें वाचून बंधूंचा पारा चढला, आणि दुसरें पत्र त्यांनीं स्वतः लिहिलें, निकालाच्या सालासकट! जर्मनींत असा हक्क वर्षअखेरीपासून तीन वर्षें शाबूत राहतो, म्हणून त्यांस घाई नाहीं. प्रवासाचे पास वहिनींनीं दागिन्यांच्या डब्यांत ठेवले आहेत.