सूट द्या, पण आधी कारागिराला विचारा

मेट्रोचा डबा कोण बनवतो, हा मोठ्या कंपन्यांचा आणि मंत्र्यांचा विषय. त्याच्याशी आपल्या गाळ्याचा काय संबंध, असे आपल्यातील बरेच व्यापारी आणि कारागीर बांधव म्हणतील. संबंध आहे, आणि तो थेट पोटापाण्याचा आहे. डबा ही एक वस्तू नव्हे. त्यात बाके असतात, उभ्या प्रवाशांसाठी दांडे आणि हँडले असतात, खिडकीच्या काचेभोवती रबराची पट्टी असते, छताखाली जाळ्या, वायरींचे जुडगे, पत्र्याचे कप्पे आणि हजारो नटबोल्ट असतात. हे कुणीतरी लेथवर कातलेले, कुणीतरी वेल्डिंग केलेले, साच्यात ओतलेले, पॉलिश मारलेले असते. ते हात कुर्ल्यातले, भोसरीतले की परदेशातले, हे सरकारी नियमाच्या एका ओळीवर ठरते.

ती ओळ अशी की, सरकारी पैशाने घेतलेल्या मालात अमुक टक्के हिस्सा देशात तयार झालेला असावा. आणि तिच्या खाली दुसरी ओळ असते: अडचण असेल तर या अटीतून सूट देता येईल. पहिल्या ओळीची भाषणे होतात, दुसरीची चर्चा होत नाही. आपली भाकरी मात्र दुसरीवर अवलंबून आहे.

अमेरिकेने काय केले

खुल्या बाजाराचा झेंडा जगभर मिरवणाऱ्या अमेरिकेने आपल्या सार्वजनिक वाहतुकीसाठी १९७८ पासून ‘बाय अमेरिका’ हा नियम लावला आहे. तेथील शहरे बस आणि लोकल गाड्या घेतात तेव्हा खर्चाचा मोठा भाग, बहुधा ८० टक्क्यांपर्यंत, केंद्र सरकार देते. पैसा आमचा तर माल आमच्या कामगाराचा, असा साधा हिशेब. बस आणि रेल्वे डब्यांसाठी १९९१ पासून सुट्या भागांच्या किमतीतील देशी हिस्सा ६० टक्क्यांहून अधिक हवा, अशी अट होती. २०१५ च्या कायद्याने ती टप्प्याटप्प्याने वाढवली आणि २०२० पासून ७० टक्क्यांवर नेली. शिवाय गाडीची अंतिम जुळणीही देशातच झाली पाहिजे.

या कायद्यात सुटीचे दरवाजेही ठेवले आहेत. मुख्य तीन. एक, अट पाळणे सार्वजनिक हिताच्या विरुद्ध असेल तर. दोन, तो माल देशात पुरेसा वा योग्य दर्जाचा मिळतच नसेल तर. तीन, देशी माल घेतल्याने खर्च २५ टक्क्यांहून जास्त वाढत असेल तर. यात गैर काही नाही. जो भाग देशात कुणीच बनवत नाही, त्याच्यासाठी प्रवाशाला वर्षानुवर्षे थांबवणे हा शहाणपणा नव्हे.

आपण पाहण्यासारखी गोष्ट पुढेच आहे. तेथे अशी सूट मागितली की मागणी जाहीर होते. २०२१ च्या कायद्यानंतर तर सूट देण्याआधी ती लोकांसमोर ठेवून किमान १५ दिवस हरकती घेणे बंधनकारक आहे. त्याशिवाय लहान कारखान्यांना मदत करणाऱ्या सरकारी यंत्रणेमार्फत, हा भाग देशात कुणी बनवतो का, याचा शोधही घेतला जातो. म्हणजे ‘मिळत नाही’ हे खरेदीदाराने म्हणून भागत नाही, ते तपासून पाहिले जाते.

एका गाडीची हकिकत

याचा उपयोग काय, हे एका उदाहरणावरून कळेल. अपंग आणि वृद्ध प्रवाशांसाठी तेथील वाहतूक संस्थांना लहान मिनीव्हॅन लागतात. अशा गाड्यांची जुळणी अमेरिकेत होत नाही, त्या कॅनडात विंडसर येथे होतात, या कारणावरून २०१० मध्ये त्यांना सूट मिळाली. विंडसर म्हणजे डेट्रॉइटसमोर नदीच्या पलीकडचा काठ. पुढे व्हेईकल प्रॉडक्शन ग्रुप नावाची एक नवी कंपनी उभी राहिली. इंडियाना राज्यातील मिशावाका येथे तिची एमव्ही-१ नावाची गाडी तयार होऊ लागली. व्हीलचेअरसाठी मुद्दाम बांधलेली ही गाडी. कंपनीने सरकारकडे अर्ज केला की, आता आम्ही ही गाडी देशात बनवतो, तेव्हा सूट कशासाठी? सरकारने लोकांची मते मागवली आणि २०१२ मध्ये सूट मागे घेतली.

नवख्या कंपनीचा शब्द ऐकला गेला, कारण तो ऐकण्याची जागा कायद्यात होती.

या हकिकतीचा उत्तरार्धही सांगितला पाहिजे. २०१३ मध्ये ती कंपनी बंद पडली. नंतर दुसऱ्या कंपनीने तीच गाडी काही काळ बनवली, पण तेही उत्पादन २०१६ मध्ये थांबले आणि त्याच वर्षी सूट पुन्हा द्यावी लागली. याचा अर्थ असा की, नियमाने दार उघडते, धंदा मात्र चालवावा लागतो. संरक्षण मिळाले म्हणून भांडवल येत नाही, की गिऱ्हाईक टिकत नाही. ही शिकवण आपल्यालाही लागू आहे.

आणि सूट न घेताच अट डावलली तर? ह्यूस्टन शहराच्या वाहतूक संस्थेने स्पेनच्या एका कंपनीशी १०३ लोकल गाड्यांचा, सुमारे ३३ कोटी डॉलरचा सौदा केला होता. २०१० मध्ये केंद्राच्या तपासात ‘बाय अमेरिका’चा भंग झाल्याचे निष्पन्न झाले. अनुदान थांबण्याची वेळ आली आणि संस्थेला त्या सौद्यावर पाणी सोडावे लागले. नियमाला दात असतील तरच त्याचा मान राहतो.

आपल्याकडचे चित्र

आता आपल्या घरी येऊ. केंद्र सरकारने १५ जून २०१७ रोजी सरकारी खरेदीत ‘मेक इन इंडिया’ला प्राधान्य देणारा आदेश काढला. २०२० च्या दुरुस्तीनंतर ज्याच्या मालात ५० टक्के वा अधिक देशी हिस्सा आहे तो पहिल्या वर्गाचा पुरवठादार, २० ते ५० टक्के असेल तो दुसऱ्या वर्गाचा, आणि त्याहून कमी असेल तो परका. २०० कोटी रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी सर्वसाधारणपणे जागतिक टेंडर काढायचे नाही, असेही ठरले. हे स्वागतार्हच आहे.

याच आदेशात सुटीचे कलम आहे. संबंधित खाते आपल्या मंत्र्यांच्या मंजुरीने, कारणे लेखी नोंदवून, देशी हिश्श्याची किमान मर्यादा कमी करू शकते किंवा एखाद्या वस्तूला अथवा पुरवठादाराला आदेशातून पूर्ण वगळू शकते. त्या हुकमाची प्रत एका स्थायी समितीला द्यावी लागते. बस्स! हुकूम निघण्याआधी तो जाहीर करावा, बनवणाऱ्यांना विचारावे, हरकतीला मुदत द्यावी, अशी सक्ती या कलमात नाही. कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जातो, आणि जो माणूस तो भाग उद्या बनवू शकला असता त्याला खबरही नसते.

लहान कारागिरापर्यंत हा नियम कसा पोहोचतो, हे समजून घेतले पाहिजे. आपला गाळा काही मेट्रोला थेट डबा विकत नाही. पण डबे बनवणाऱ्या कंपनीला पन्नास टक्क्यांचा आकडा गाठायचा असतो, म्हणून ती देशात पुरवठादार शोधते. तो पुरवठादार आणखी लहान कारखान्याला जॉबवर्क देतो आणि शेवटी काम आपल्या लेथवर येते. वरचा आकडा सैल झाला की हा शोधच थांबतो. मोठी कंपनी बुडत नाही, ती आयात करून मोकळी होते. खालच्या टोकाचा माणूस मात्र यंत्राचे हप्ते भरत बसतो.

दुसरी बाजूही रास्त आहे

मेट्रोचे अधिकारी म्हणतात की, ब्रेक, सिग्नल, चाके यांत प्रयोग चालत नाहीत. तेथे माणसांच्या जिवाचा प्रश्न आहे. हे शंभर टक्के खरे आहे. काम लांबले की खर्च वाढतो आणि तो अखेर तिकिटातूनच वसूल होतो, हेही खरे. म्हणून सूट नकोच, असे कुणी म्हणू नये.

महाराष्ट्राचा अनुभव पाहा. नागपूर मेट्रो २०१९ मध्ये धावू लागली ती चीनमध्ये बनलेल्या डब्यांनी. पुण्यासाठी ३४ गाड्यांचे, म्हणजे १०२ डब्यांचे कंत्राट दिले गेले, तेव्हा सुरुवातीच्या काही गाड्या इटलीतील कारखान्यात आणि बाकीच्या कोलकात्याजवळ उत्तरपाडा येथे बनवायच्या, असे ठरले. मुंबईत २ एप्रिल २०२२ रोजी सुरू झालेल्या २अ आणि ७ या मार्गांवरील गाड्या बेंगळुरूच्या भारत अर्थ मूव्हर्सने बनवल्या. यातून बोध एवढाच की, सुरुवातीला बाहेरून माल आणणे गुन्हा नाही. पुण्याप्रमाणे ‘इतके बाहेरून, पुढचे इथेच’ असे बांधून घेतले, तर सूट ही शिडी होते. मुदतच नसेल, तर ती सवय होते.

मागायचे काय आणि करायचे काय

व्यापारी आणि कारागीर संघटनांनी यासाठी तीन मागण्या धराव्यात. पहिली, कोणत्याही भागासाठी सूट देण्यापूर्वी त्याचे नाव, ड्रॉइंग आणि दर्जाच्या अटी जाहीर कराव्यात, मराठीतही, आणि किमान एक महिना मुदत द्यावी. दुसरी, सूट त्या भागापुरती, त्या ऑर्डरीपुरती आणि ठरावीक मुदतीपुरतीच असावी. तिसरी, दिलेल्या प्रत्येक सुटीची कारणे सर्वांना पाहता येतील अशा एकाच ठिकाणी ठेवावीत. सरकारचा यात एक पैसा खर्च होत नाही.

पण मागणी करणाऱ्याचे घरही नीट हवे. आपल्या कारागिराचा हात कुणापेक्षा कमी नाही. कमी पडतो तो कागद. माल उत्तम, पण प्रयोगशाळेचे टेस्ट सर्टिफिकेट नाही. काम चोख, पण कच्चा माल कोठून घेतला त्याचे बिल नाही. उद्या सरकारने खरोखरच विचारले की हा भाग कोण बनवतो, तर हात वर करणाऱ्याकडे उद्यम नोंदणी, जीएसटीची विवरणपत्रे आणि मापाचा पक्का नमुना तयार हवा. एकट्याला तपासणीचा खर्च झेपत नसेल तर एका गल्लीतील आठ-दहा गाळ्यांनी मिळून एकाच भागाची तपासणी करून घ्यावी. त्यात लाज कसली?

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोललेली बरी. बाहेरून आलेला तयार भाग घ्यायचा, पुसून त्यावर आपला शिक्का मारायचा आणि देशी म्हणून विकायचा, हा ‘धंदा’ काही ठिकाणी चालतो. देशी हिश्श्याचे खोटे प्रमाणपत्र देणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत सरकारी खरेदीतून बाद करण्याची तरतूद आहे. शिक्षा त्या एकाला होते, पण बदनामी सगळ्या बाजारपेठेची होते. पुढच्या वेळी अधिकारी ‘देशात चांगला माल मिळत नाही’ असा शेरा मारतो, तेव्हा त्याच्या हातात असाच एखादा नमुना असतो.

सूट देणे हा सरकारचा अधिकार आहे. ती देण्याआधी आपल्याला विचारले जावे, हा आपला हक्क आहे. आणि विचारल्यावर ‘होय, हा भाग आम्ही बनवतो, हा घ्या नमुना, हे घ्या सर्टिफिकेट’ असे ठणकावून सांगता येणे, ही आपली जबाबदारी आहे. संघटनेच्या पुढच्या बैठकीत हा विषय जरूर घ्या.