शुचिता स्थानकाच्या दाराशीच का थांबते?

पुणे-लोणावळा मार्गावरील देहूरोड हे स्थानक आकाराने लहान असले, तरी त्यावरील भार लहान नाही. श्रीक्षेत्र देहूला रेल्वेने येणारा भाविक येथेच उतरतो आणि पुढचे सहा-सात किलोमीटर बसने वा रिक्षाने जातो. देहूरोडच्या लष्करी आस्थापनांतील कर्मचारी, तळवडे-चाकणच्या कारखान्यांत पाळीला निघालेला कामगार, पुण्याच्या महाविद्यालयात जाणारी विद्यार्थिनी, तुकाराम बीजेला आलेली खेड्यातील वृद्ध माउली, या साऱ्यांचे पाय याच फलाटाला लागतात. या मार्गावर १९७८ पासून धावणाऱ्या लोकल गाडीत शौचालय नसते. पुणे ते लोणावळा हे अंतर कापायला दीड तासाच्या आसपास वेळ लागतो. त्यात घर ते स्थानक हा प्रवास आणि गाडीची प्रतीक्षा मिळवली की अडीच-तीन तास सहज जातात. अशा वेळी स्थानकावरील स्वच्छतागृहाला चैन कोण म्हणेल? ती शरीरधर्माची निकड आहे.

आणि तरीही राज्यातील गर्दीच्या स्थानकांवर जो अनुभव येतो, तो प्रवाशांच्या पुरेपूर ओळखीचा आहे. दाराची कडी तुटलेली, नळ कोरडा, बादली असली तर मग नाही. स्त्रियांच्या विभागाला कुलूप आणि किल्ली कोणाकडे, हे कोणालाच ठाऊक नाही. स्वच्छतागृह कोठे आहे, हे विचारावे लागत नाही. वासच वाट दाखवितो. तक्रार केली की एकच उत्तर मिळते, "काय करणार, आपले लोकच घाणेरडे!" हे उत्तर कार्यालयातील अधिकारी देतो, दिवाणखान्यात बसलेला सुशिक्षित गृहस्थ देतो आणि चार दिवस परदेशी राहून आलेला पाहुणा तर ते मोठ्या अभिमानाने देतो. उत्तर सोयीचे आहे, कारण ते दिल्यावर कोणालाच काही करावे लागत नाही. पण ते खरे आहे का?

माणूस तोच, शौचालये दोन

याचा पडताळा घ्यायला परदेशी जाण्याची गरज नाही. पिंपरी-चिंचवड ते चाकण हा औद्योगिक पट्टा पुरेसा आहे. या पट्ट्यातील चांगल्या कारखान्यांत शेकडो माणसे एकाच पाळीत काम करतात आणि त्यांची शौचालये स्वच्छ असतात. दारामागे तक्ता लावलेला असतो. कोणी, किती वाजता साफ केले, याची सही असते. नळाला पाणी असते, साबण असतो. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या १९ व्या कलमाने यासाठी मालकावर स्पष्ट बंधन घातले होते. स्त्री-पुरुषांसाठी स्वतंत्र व्यवस्था, पुरेसा उजेड, खेळती हवा आणि ज्याचे मुख्य कामच शौचालय स्वच्छ ठेवणे आहे असा सफाई कामगार नेमणे, हे सारे कायद्याने सांगितले होते. स्वातंत्र्यानंतर अवघ्या वर्षभरात या देशाला जे कळले होते, ते अमलात आणणाऱ्या कारखान्यांत लोक 'घाणेरडे' वागले नाहीत.

पाळी सुटल्यावर हाच कामगार स्थानकावर येतो. गाव तेच, जात तीच, शिक्षण तेवढेच, संस्कारही तेच. मग दोन तासांत तो घाणेरडा कसा झाला? उत्तर उघड आहे. स्वच्छ जागी पाऊल टाकणारा माणूस जपून वागतो. आधीच घाण असलेल्या जागी तो नाक दाबून, कोठेही स्पर्श न करता, लवकरात लवकर सुटका करून घेतो. पाणीच नसेल तर त्याने टाकायचे तरी काय? म्हणजे बिघाड माणसात कमी आणि व्यवस्थेत अधिक आहे. समाजाला शिव्या देऊन व्यवस्थेचे अपयश झाकण्याची ही रीत आता पुरे झाली.

वारीने दिलेला धडा

दुसरे उत्तर खुद्द देहूतून निघते. ज्येष्ठ वद्य सप्तमीला तुकोबांची पालखी पंढरीकडे प्रस्थान ठेवते. तुकोबांचे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ साली सुरू केलेल्या या पालखी सोहळ्यात आज लाखो वारकरी चालतात. मुक्कामाच्या गावाची लोकसंख्या एका रात्रीत कितीतरी पटींनी वाढते. पूर्वी सकाळी पालखी पुढे सरकली की गावाच्या वाट्याला दुर्गंधी आणि रोगराईची धास्ती उरत असे. वारीवर लेखणी चालवून हिंदू समाजाच्या अस्वच्छतेवर प्रवचने झोडणाऱ्यांना हे आयतेच कोलीत मिळत होते.

२०१५ पासून 'निर्मल वारी'ने हे चित्र बदलायला घेतले. स्वयंसेवक, सामाजिक संस्था आणि राज्य शासन एकत्र आले. फिरती शौचालये मुक्कामागून मुक्कामी नेली गेली. त्यांच्याबरोबर पाण्याचे टँकर, मैला उपसणारी वाहने आणि रात्रीचे दिवेही गेले. महत्त्वाची गोष्ट ही की पहाटेच्या अंधारात वारकऱ्यांना हात जोडून "माउली, इकडे या" असे सांगणारी तरुण मुले उभी राहिली. उघड्यावर जाण्याची आयुष्यभराची सवय असलेल्या म्हाताऱ्यांनी शौचालयापुढे रांगा लावल्या. ज्यांना सुशिक्षितांनी अडाणी ठरविले होते, त्यांनी सोय मिळताच ती स्वीकारली. पंढरपुरातही यात्रेनंतर माणसाकरवी मैला उचलण्याचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापुढे गेला, न्यायालयाने शासनाला धारेवर धरले आणि चंद्रभागेच्या वाळवंटातील राहुट्यांना पर्याय म्हणून ६५ एकरांचा तळ उभा राहिला.

उघड्या माळावर, पावसात, रोज गाव बदलत लाखोंची व्यवस्था लावता येते. मग पक्की इमारत, वीज, पाण्याची टाकी आणि कायमचा कर्मचारीवर्ग असलेल्या स्थानकावर ती का लागू नये?

निविदेचे गणित

का लागत नाही, याचे कारण कागदपत्रांत दडलेले आहे. स्थानकाच्या सफाईचा ठेका बहुधा सर्वांत कमी बोली लावणाऱ्याकडे जातो. बोली कमी करण्याचा सोपा मार्ग म्हणजे माणसे कमी आणि मजुरी कमी. याउलट, पैसे देऊन वापरायचे शौचालय चालविण्याचा परवाना जो रेल्वेला जास्त शुल्क देईल त्याच्याकडे जाण्याचा कल असतो. तो ते शुल्क वसूल करणार कोठून? गल्ल्यात येणारे पैसे वाढवून आणि पाणी, फिनेल, झाडणारा हात यांवरचा खर्च घटवून. दोन्ही पद्धतींत जो स्वच्छता राखील तो तोट्यात जाईल आणि जो टाळील तो फायद्यात राहील, अशीच रचना केलेली आहे. मग अस्वच्छतेचे आश्चर्य कशाला?

स्वच्छतेचे शास्त्रही साधे आहे, पण ते पाळले जात नाही. मूत्रातील युरियाचे विघटन होऊन अमोनिया तयार होतो, क्षारांचे थर फरशीवर आणि नळ्यांत साचतात आणि तेथून दुर्गंधी सुरू होते. वर फिनेल ओतल्याने वास काही काळ झाकला जातो, जात नाही. वाहते पाणी, थर काढणारी घासणी आणि गर्दीच्या वेळी वारंवार सफाई, याला पर्याय नाही. सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा झाडू फिरविणे हे हजारो माणसे वापरतात त्या जागेसाठी नाटकच ठरते.

या नाटकाची सर्वांत मोठी किंमत स्त्रिया मोजतात. बाहेर सोय नाही म्हणून घरून निघताना पाणी न पिणाऱ्या आणि तासन् तास लघवी रोखून धरणाऱ्या मुली-बायका घरोघरी आहेत. मूत्रमार्गाचे संसर्ग हा त्याचा परिणाम असतो. मासिक पाळीच्या दिवसांत तर प्रवास म्हणजे शिक्षाच. मुंबईत २०११ साली स्त्रियांच्या संघटनांनी आंदोलन उभारून दाखवून दिले की सार्वजनिक मुताऱ्या पुरुषांना फुकट आणि स्त्रियांना मात्र पैसे मोजून, असा उफराटा न्याय चालू होता. पुण्याच्या 'मिळून साऱ्याजणी'च्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१५ मध्ये निकाल दिला आणि स्त्रियांसाठी स्वच्छ, सुरक्षित स्वच्छतागृहे उपलब्ध करणे हे महापालिकांचे कर्तव्य ठरविले. स्त्रीला देवी म्हणून पूजणाऱ्या समाजाला ही गोष्ट न्यायालयाने सांगावी लागते, याची लाज वाटली पाहिजे.

रेल्वेने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. गांधीजींनी १९१७ साली तिसऱ्या वर्गाच्या प्रवासातील किळसवाण्या शौचालयांविषयी लिहिले. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षे गाडीतील मैला रुळांवरच पडत राहिला. तो थांबविण्यासाठी संरक्षण संशोधन संस्थेच्या सहकार्याने जैवशौचालये आली आणि अडीच लाखांहून अधिक जैवशौचालये डब्यांत बसविली गेली. हे काम अभिमानाचे आहे. देहूरोड स्थानकाचे नावही अमृत भारत योजनेच्या यादीत आहे. परंतु नवी कमान, नवी फरशी आणि रंगविलेल्या भिंती पाहून भुलण्याचे कारण नाही. बांधकामाला एकदाच पैसा लागतो. स्वच्छतेला रोज माणूस लागतो. उद्घाटनाची फीत कापायला मान्यवर येतात. तिसऱ्या दिवशी तुंबलेली मोरी मोकळी करायला कोण येणार, याचे उत्तर योजनेतच लिहिलेले असले पाहिजे.

खराटा कोणाच्या हाती?

येथे मात्र बोट समाजाकडेही वळते. व्यवस्था बेपर्वा राहू शकते, कारण समाजाला त्याचे काही वाटत नाही. घरात सोवळे, देवघरात धूप, दारात रांगोळी. आणि उंबरठ्याबाहेरची घाण कोणा एका जातीने उपसावी, ही धारणा शतकानुशतके बाळगली गेली. जे काम हीन मानले, ते करणाऱ्याला हीन मानले. मग त्याच्या कामाला मोल नाही, त्याच्या हातात मोजे नाहीत आणि त्याच्या ठेक्यातून पगार कापला गेला तरी कोणाला खबर नाही. माणसाकरवी मैला साफ करण्याविरुद्ध १९९३ साली आणि पुन्हा २०१३ साली कायदा करावा लागला, तरी गटारात गुदमरून मरणाऱ्यांच्या बातम्या थांबल्या नाहीत. हिंदू समाज एकसंध व्हावा असे ज्यांना मनापासून वाटते, त्यांनी हा डाग आधी धुतला पाहिजे. मैला वाहणाऱ्या बांधवाला अंतरावर ठेवून एकतेच्या घोषणा देणे हा दंभ आहे, आणि दंभावर कोरडे कसे ओढावेत हे देहूच्याच वाण्याने महाराष्ट्राला शिकविले.

ही वाट दाखविणारेही याच मातीत झाले. गाडगेबाबा गावात शिरत ते हातात खराटा घेऊन. आधी रस्ता झाडला जाई, मग कीर्तन होई. पंढरपूर, आळंदी, देहू येथे त्यांनी यात्रेकरूंसाठी धर्मशाळा उभारल्या, त्या स्वतःसाठी एक झोपडीही न ठेवता. कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम करू द्यावे म्हणून अन्नत्याग केला. पुढे कणकवलीच्या गोपुरीत त्यांनी असे संडास विकसित केले की मैल्याचे खत व्हावे आणि तो माणसाने डोक्यावरून वाहू नये. ब्राह्मण कुळात जन्मलेल्या या विद्वानाला त्यात कमीपणा वाटला नाही.

जपानमध्ये टोकियो स्थानकावर वेगवान गाडीचा डबा सफाई कामगार अवघ्या ७ मिनिटांत लख्ख करतात आणि प्रवाशांपुढे लवून अभिवादन करतात. त्यांना नीटस गणवेश आहे आणि कामाचा अभिमान आहे. त्या देशात शाळकरी मुले आपला वर्ग स्वतः झाडतात. प्रतिष्ठा आधी आली, स्वच्छता तिच्या मागून आली.

करावयाचे काय?

मागण्या अवाजवी नाहीत. प्रत्येक स्थानकाच्या स्वच्छतागृहाबाहेर सफाईचे वेळापत्रक, जबाबदार पर्यवेक्षकाचे नाव आणि तक्रारीचा क्रमांक ठळकपणे लावावा. गर्दीच्या वेळी सफाई कामगार तेथेच हजर असावा. ठेका सर्वांत स्वस्त बोलीवर न देता स्वच्छतेच्या तपासणीशी देयक बांधावे. घाण आढळली तर रक्कम कापावी आणि कामगाराची मजुरी थेट त्याच्या खात्यात जमा करावी. स्त्रियांचे स्वच्छतागृह पहिल्या गाडीपासून शेवटच्या गाडीपर्यंत उघडे राहावे. टाकीतला मैला यंत्रानेच उपसावा आणि तो प्रक्रियेविना इंद्रायणीला जाऊन मिळू नये. रेल्वेच्या आवारात घाण करणाऱ्यास ५०० रुपयांपर्यंत दंड करण्याचा नियम २०१२ पासून आहे, तो वापरावा. पण सोय न पुरविता केवळ दंड आकारणे हा जुलूम होईल, हेही ध्यानी ठेवावे.

आणि नागरिकांनी? स्वच्छतागृह तुंबलेले दिसले की नाक मुरडून पुढे जाण्याऐवजी स्थानक प्रमुखांच्या तक्रार पुस्तकात चार ओळी लिहाव्यात. गावोगावच्या कार्यकर्त्यांनी आपापले स्थानक दत्तक घ्यावे. आठवड्यातून एकदा पाहणी करावी, नोंद ठेवावी, उत्तर मिळेपर्यंत पाठपुरावा करावा. एक दिवस झाडू घेऊन छायाचित्र काढण्यापेक्षा वर्षभर चाललेली ही नोंदवही अधिक काम करील. घरातील मुलांना शिकवावे की वापरलेली जागा पुढच्या माणसासाठी स्वच्छ सोडणे हीसुद्धा पूजाच आहे. आणि सफाई करणाऱ्या बांधवाला नावाने, 'अहो' म्हणून हाक मारावी.

तुकाराम बीज दर फाल्गुनात येते. राज्यभरातून भाविक देहूरोडला उतरतील, त्यांत गुडघे धरून जिना उतरणाऱ्या कितीतरी आजीबाई असतील. त्यांना फलाटावर पाणी आणि कडी असलेले एक स्वच्छ दार उघडे मिळते की नाही, यावरून रेल्वेची कार्यक्षमता मोजली जाईल, आणि तुकोबांचे नाव घेणाऱ्या समाजाची कसोटीही तेथेच लागेल.