गल्लीतला एकच केबलवाला

भाषेवर आपण ठराव करतो, शाळांवर करतो, नाट्यगृहाच्या भाड्यावरही करतो. पण ज्या तारेवरून आज आपल्या घरातले निम्मे व्यवहार चालतात, त्या तारेबद्दल आपल्या एकाही बैठकीत अवाक्षर निघत नाही. इंटरनेट ही तरुणांची चैन, अशी समजूत अजून आपल्यातल्या ज्येष्ठांत आहे. वस्तुस्थिती उलटी आहे. मुलगा पुण्यात, मुलगी अमेरिकेत आणि वाड्यात दोघे म्हातारे, अशी घरे दांडिया बाजार, रावपुरा, वाडी भागात मोजायला बसलो तर हाताची बोटे पुरणार नाहीत. नातवाचे तोंड पाहायचे ते पडद्यावर, औषधे मागवायची ती मोबाईलवर. निवृत्तिवेतनधारकांसाठी नोव्हेंबर २०१४ पासून डिजिटल हयातीचा दाखला सुरू झाला आणि पुढे तो चेहरा दाखवून घरबसल्या देण्याचीही सोय झाली. तरीही दर नोव्हेंबरात आम्ही काउंटरच्या आतून पाहतो ते काठी टेकत आलेल्या आजोबांची रांग. विचारले तर एकच उत्तर, "घरी नेट चालत नाही हो."

का चालत नाही? गोत्री, वासणा रोडकडच्या नव्या सोसायट्यांत फायबरच्या तारा केव्हाच घरात पोहोचल्या. जुन्या शहरात मात्र अजून गल्ली तिथे एक केबलवाला, आणि त्याच्या हद्दीत दुसऱ्याने पाय ठेवायचा नाही हा अलिखित कायदा. दुसऱ्या कंपनीचा माणूस चौकशीला आला, की चार दिवसांत त्याचा फोन लागेनासा होतो. आमच्या वाड्यात हे दोनदा झाले.

हाच केबलवाला आता "फायबर" विकतो. येथे सभासदांनी सावध व्हावे. पुष्कळ ठिकाणी फायबर येते ते गल्लीच्या तोंडाशी किंवा कोणाच्या तरी गच्चीवर टांगलेल्या पेटीपर्यंत. तेथून घरात येते ती तांब्याची तार. ही तार शंभर मीटरपर्यंतच भरवशाची, म्हणून मध्ये मध्ये स्विचच्या पेट्या बसवतात. त्यांना वीज लागते. गच्चीच्या मालकाने बटण बंद केले की दहा घरे अंधारात, आणि पहिल्या पावसात वीज कडाडली की पेटी जळते. खऱ्या फायबरची तार थेट घरातल्या ओएनटी नावाच्या डबीत येते. ती काचेची असल्याने तिच्यातून वीज वाहत नाही आणि ती गंजत नाही. वाटेत प्रकाश वाटून देणाऱ्या भागालाही वीज लागत नाही. घरातल्या डबीला इन्व्हर्टर जोडला आणि पलीकडे कंपनीच्या केंद्रात वीज असली, की गल्लीत दिवे गेले तरी काम चालते. सर्वसाधारण जीपॉन पद्धतीत एका तारेवर सुमारे अडीच हजार एमबीपीएसचा वेग असतो आणि तो ३२ किंवा ६४ घरांत वाटला जातो. चौसष्टही घरांनी एकाच क्षणी पूर्ण जोर लावला, असे धरून भागाकार केला तरी वाट्याला ३९ एमबीपीएसच्या आसपास येतात. "रात्री सगळे वापरतात म्हणून हळू चालते" हे उत्तर ऐकताना हा भागाकार लक्षात ठेवावा.

फायबर तुटतच नाही असे कोणी समजू नये. उत्तरायणात सारे बडोदे गच्चीवर असते; मांजा अडकतो, पोरे तारा ओढतात, पायाखाली तुडवतात, आणि वासी उत्तरायणाच्या संध्याकाळी अर्ध्या गल्लीचे इंटरनेट बंद असते. तुटलेली काचेची तार चिकटपट्टीने जोडता येत नाही. तिला सांधणारे यंत्र लागते आणि ते चालवणारा माणूस लागतो. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचे पाणी शहरात शिरले, तेव्हा ज्यांना सर्वांत जास्त निरोपांची गरज होती त्यांचेच संपर्क तुटले. अशा वेळी दुरुस्तीला दोन दिवस लागले तर आम्ही समजू शकतो. उत्तरायणानंतर अकरा दिवस लागले आणि त्या अकरा दिवसांचे पैसेही घेतले, हे समजून घेण्याची आमची तयारी नाही.

पैशांचा विषय निघालाच आहे तर थोडे हिशेबाचे. पाचशे रुपयांच्या भाड्यावर १८ टक्के जीएसटी धरून ५९० रुपये होतात. हे ५९० रोख घ्यायचे आणि पावती मागितली की वहीत बरोबरची खूण करायची, ही आमच्या गल्लीतली पद्धत आहे. ज्याची जीएसटी नोंदणी नाही त्याला जीएसटी वसूल करण्याचा अधिकारच नाही, आणि ज्याची आहे त्याने नोंदणी क्रमांकासह बिल दिलेच पाहिजे. नव्वद रुपये कोणाच्या खिशात गेले, हे विचारण्यात भांडखोरपणा कसला?

टीव्हीचीही तीच तऱ्हा. बडोद्याची केबल ३१ मार्च २०१३ च्या टप्प्यात डिजिटल व्हायची होती. पुढे फेब्रुवारी २०१९ पासून हवी ती वाहिनी सुटी निवडण्याचा हक्क ग्राहकाला मिळाला. कागदावर मिळाला. प्रत्यक्षात "गुजरात पॅक"मध्ये मराठी वाहिन्या नसतात, सुट्या मागितल्या की "सिस्टीम घेत नाही" आणि महागडा पॅक घेतला की सिस्टीम तत्काळ घेते. आपल्या घरातल्या मुलांच्या कानावर मराठी पडण्याची जी दोन-चार साधने उरली आहेत, त्यांतले एक अशा तऱ्हेने वरच्या फळीवर ठेवले जाते. चांगले इंटरनेट घरात असले, तर मराठी नाटक, बातम्या, कीर्तन कशासाठीच त्याची मनधरणी करावी लागत नाही. गल्लीत दुसरी तार येऊ न देण्यामागे हेही कारण असावे, असे आम्हांस वाटते.

सरकारी व्याख्येत २००४ साली २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हणत. २०१३ मध्ये ही मर्यादा ५१२ झाली आणि २०२३ मध्ये किमान २ एमबीपीएस. दोन एमबीपीएसमध्ये एक व्हिडिओ कॉल जेमतेम होतो. तेव्हा सरकारी व्याख्येच्या आधारावर भांडण्यात फारसा अर्थ नाही. भांडावे ते सेवेवर. ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही. आधी कंपनीकडे तक्रार नोंदवून क्रमांक घ्यायचा, मग तिथल्याच अपिलाकडे जायचे. त्यानेही भागले नाही तर ग्राहक आयोग आहे. टेलिफोनच्या तक्रारी ग्राहक न्यायालयात चालत नाहीत, असे कंपन्यांचे वकील वर्षानुवर्षे सांगत असत. फेब्रुवारी २०२२ मध्ये अहमदाबादच्या एका ग्राहकाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो मुद्दा फेटाळला. आपल्या शेजारच्या शहरातला माणूस एका बिलासाठी दिल्लीपर्यंत लढला. आपण तक्रार क्रमांकसुद्धा मागत नाही!

सगळा दोष केबलवाल्याचाही नाही. वाड्याचे चार हिस्सेदार, त्यातले दोघे एकमेकांशी बोलत नाहीत, आणि भिंतीवरून तार न्यायला चौघांची सही हवी. कंपनीचा माणूस दोनदा फेरी मारून नवी सोसायटी गाठतो. तिथे एका सहीत साठ घरे मिळतात. हा अडथळा मंडळाला सोडवता येईल. भाऊबंदकीत मध्यस्थी करण्याचा आपल्या ज्येष्ठांना दांडगा अनुभव आहे. वीस-पंचवीस घरांची संमती एकत्र करून दोन-तीन कंपन्यांना एकदम पत्र द्यावे. एकट्या घराला कोणी विचारत नाही.

राहिला महापालिकेचा भाग. रस्ता खोदण्याच्या आणि खांब वापरण्याच्या परवानग्या तिच्या हाती. २०१६ च्या केंद्रीय नियमांतच अशा अर्जाला साठ दिवसांची मुदत घातली होती. १९०६ साली श्रीमंत सयाजीराव महाराजांनी संपूर्ण राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, १९१० साली मध्यवर्ती ग्रंथालय उभे केले. ज्ञानाची वाट व्यापाऱ्याच्या मर्जीवर सोडायची नाही, हे या शहराला शिकवावे लागत नाही. मते मागायला जे जे आपल्या ओट्यावर येतील, त्यांना गटाराबरोबर हेही विचारावे: आमच्या वॉर्डात फायबरचे किती अर्ज आले, किती मंजूर झाले, बाकीचे का पडून आहेत? उत्तर तोंडी घेऊ नये. माहितीच्या अधिकारात वीस रुपयांच्या अर्जावर ते लेखी मिळते, आणि वॉर्डवार असे अर्ज मंडळाच्या नावाने न करता सभासदांनी स्वतःच्या नावाने करावेत, कारण कायद्यात हा अधिकार नागरिकाला आहे. अर्ज लिहून हवा असेल त्यांनी रविवारी सकाळी मंडळात यावे, आम्ही दोघे-तिघे तिथे असू.